वाढत्या अंगाचा रेनकोट

कुसुमताईंनी दोरीवरून रेनकोट ओढला, तर त्याचा खांदा चुरा होऊन त्यांच्या मुठीत आला. उरलेला कोट गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पडला आणि पापडासारखा मोडला.

मूठ मिटूनच त्या उभ्या राहिल्या. गाद्या, गोधड्या, रेशमी साड्या, कडधान्यं, सगळ्याला उन्हाळ्यात ऊन दाखवायचं, ही सासूबाईंची शिस्त. ऊन दाखवलं की वस्तू टिकते, यावर कुसुमताईंचा देवाइतकाच विश्वास. म्हणून सलिलचा हा पिवळा रेनकोटही दर वर्षी कर्वेनगरच्या या गच्चीवर यायचा. सलिल नऊ वर्षांचा असताना तापाने गेला, त्याला आता वीसेक वर्षं झाली. त्याचे कपडे, पुस्तकं, सायकल, सगळं देऊन झालं होतं. एवढाच मागे ठेवला होता. त्याला बुरशी लागू नये म्हणून त्या इतर गोष्टींपेक्षा चार दिवस जास्तच ऊन द्यायच्या.

आणि त्यांचे यजमान, दिगंबरराव, गुपचूप वर येऊन तो टाकीमागच्या सावलीत नेऊन ठेवायचे. दर वर्षी. तिथे तो सापडला की कुसुमताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तुम्हाला तो डोळ्यांसमोर नको असतो, एवढंच!"

दिगंबरराव यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत. बापाच्या काळजाला पाझर म्हणून नाही, हे कुसुमताईंनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्या खाली बसल्या. एक बाही शाबूत होती. मुलगा वाढत्या अंगाचा म्हणून कोट दोन मापं मोठा घेतला होता आणि बाह्या त्यांनीच दुमडून टाके घातले होते. त्यांनी नखाने टाका उसवून दुमड हलकेच उलगडली. आतली पट्टी अजून लिंबासारखी पिवळीधमक होती. मऊ होती. बाहेरचा सगळा कोट मात्र पांढरट, कोरडा. जिथे ऊन पोचलं नव्हतं तेवढाच सलिलचा रेनकोट उरला होता.

त्यांनी वर पाहिलं. दोरीवरचे प्लॅस्टिकचे चिमटेही तसेच विटलेले. दर वर्षी ते हातात तुटायचे आणि कुसुमताई दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायच्या.

जिन्यात चपला वाजल्या. दिगंबरराव नेहमीसारखे कोट सावलीत न्यायला आले होते. फरशीवर नजर जाताच ते दारातच थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," कुसुमताई म्हणाल्या.

"गच्चीतली प्लॅस्टिकची बादली उन्हाने अशीच गेली होती आपली."

"मग बोलला का नाहीत? मी इतकं तोडून बोलायचे."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"त्याच्यासाठी करण्यासारखं तुला तेवढंच उरलं होतं. ते कसं काढून घेऊ?"

कुसुमताईंना भडभडून आलं. इतक्या वर्षांचा राग आता ठेवायचा कुठे, तेही कळेना. दिगंबररावांनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"झाडू नका. वेचू या."

दिगंबरराव भिंतीला धरून खाली बसले. एकेक तुकडा उचलून कुसुमताईंच्या पदरात टाकू लागले. वारा नव्हता. ऊन सरळ त्या तुकड्यांवर येत होतं.

कुसुमताई जागेवरून उठल्या, पलीकडे गेल्या आणि उन्हाकडे पाठ करून बसल्या. आता त्यांची सावली रेनकोटावर पडत होती.