दोन घरांचा मान

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. रीत चांगली आहे. पोरीला आईचा हात मिळतो, चार दिवस कोणाचं ऐकून घ्यावं लागत नाही. पण चांगल्या रीतीलाही माणसं वाळवी कशी लावतात, ते ऐका.

वालावलच्या भिकाजीची लेक शेवंती तारकर्लीला दिलेली. नवरा मुंबईला गोदीत. एकसष्ट साली भातकापणीच्या सुमारास ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. दिवस भरले, आणि भरून वर गेले. कळ काही येईना. भिकाजीने तिला मालवणच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "आता थांबू नका. दवाखान्यात ठेवा. औषध देऊन कळा आणू आणि मोकळी करू."

सरळ गोष्ट. पण सरळ गोष्ट सरळ करतील ती आपली माणसं कसली!

शेवंतीची आई सत्यवती म्हणाली, "व्याह्यांका विचारल्याशिवाय कसा करूचा? सून तेंची, नातू तेंचो. उद्या म्हणतले, आमका मोजूकच नाय."

म्हणून लेकीला घरी आणलं, आणि भिकाजी होडीने खाडी उतरून तारकर्लीला गेला. शेवंतीची सासू राधाबाई. व्याही विचारायला आला म्हणून तिची मान वीतभर वर गेली. गूळपाणी दिलं, पान दिलं, आणि मग म्हणाली, "माझी पाच पोरा आपसूक झाली. कळो काय बाजारात गावतत? पण माझा काय, व्याहीनू! बाळंतपण म्हायारचा. तुमी करशात ता खरा. मी मधी बोलूचंय नाय."

मनात वेगळंच होतं. हो म्हटलं आणि वाईट झालं, तर राधाबाईच्या शब्दाने झालं. नको म्हटलं आणि वाईट झालं, तरी तेच. त्यापेक्षा मान ज्याचा त्याला परत केलेला बरा.

भिकाजी नारळ घेऊन परत आला, उत्तर घेऊन नाही. सत्यवतीने कपाळावर हात मारला. "म्हणजे तेंच्या मनात नाय! परत जावा, नीट विचारा."

परत होडी, परत गूळपाणी. या खेपेला राधाबाई म्हणाली, "झिलाक विचारा. पोराचो बापूस तो." मुंबईला शेवंतीच्या नवऱ्याला तार गेली. तिकडून उलट तार आली: आई म्हणेल तसं. बघा आता! आई म्हणते माहेर, माहेर म्हणतं सासर, नवरा म्हणतो आई. खाडीवर होडी खाली-वर करून नावाडी दमला, पण दोन्ही घरांचा मान काही दमला नाही.

आणि शेवंती? ती मागच्या पडवीत पोटावर हात ठेवून बसलेली. एका सकाळी ती म्हणाली, "आये, आज ता हलना नाय."

"निजला असात गो. तारकर्लीक निरोप धाडलंय, उत्तर येवंदे."

दुसऱ्या दिवशी दुपारी राधाबाई स्वतः आली. काळजीने नव्हे हो! आणखी ताणलं तर गाव नाव ठेवील म्हणून. आली, सुनेच्या पोटावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला. पाच बाळंतपणं काढलेली बाई ती. तिचा चेहरा उतरला. धावत बाहेर येऊन ती नावाड्यावर ओरडली, "होडी धर रे थंयच! सोडू नको!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावून कितीतरी वेळ कान दिला. इथे लावली, तिथे लावली. मग विचारलं, "हालचाल कधीपासून नाही?"

सत्यवतीने राधाबाईकडे बघितलं, राधाबाईने सत्यवतीकडे.

"तुम्हाला नाही विचारलं. शेवंती, तू सांग."

शेवंतीने आधी मागे वळून बघितलं, जणू त्या नावाची दुसरी कोणी मागे उभी आहे. मग म्हणाली, "काल सकाळपासून, बाई. माका त्याच दिवशी दवाखान्यात रवाचा होता, तुमी सांगलात त्याच दिवशी. पण माका कोणी विचारूकच नाय."

डॉक्टरीणबाई दोघींकडे वळल्या. "सून यांची, लेक त्यांची, नातवंड दोघांचं. आणि पोट कोणाचं? मान देत बसलात एकमेकींना! पोटातल्या जिवाला कोण मान देणार होतं?"

बाईंनी शेवंतीचा हात धरला आणि खरं ते सांगितलं. मूल गेलं होतं. आता औषध देऊन कळा आणायच्या होत्या.

"मग कळो कित्याक आणतास?" शेवंतीने विचारलं.

"तू जगावीस म्हणून."

हाताला सुई टोचली, बाटली टांगली. आपसूक येणारी कळ उसंत देते. ही उसंत देत नव्हती. शेवंती ओठ चावून रात्रभर भोगत राहिली. ज्या भोगाच्या शेवटी हातात काही यायचं नाही, तो भोग कसा असतो ते बायकांनो तुम्हीच जाणा. पहाटे ती एकदाच मोठ्याने ओरडली. मग बाहेर बसलेल्या दोघी कान देऊन राहिल्या. मूल रडलं नाही.

चेडू होतं, मुलगी. नर्सने कापडात गुंडाळून बाहेर आणलं. भिकाजी पुरायला नेण्यासाठी उभा राहिला.

सत्यवती हलक्या आवाजात म्हणाली, "तिका दाखवूक नको. जीवाक लावन घेयत ती. की दाखवूया? तुमीच सांगा, विहीणबाय."

राधाबाई बोलायला लागली, "लेक तुमची, तुमीच काय ता..." आणि तिची जीभ तिथेच अडली. अरे देवा! पुन्हा तेच! मूल थंड होऊन समोर आहे, आणि दोन घरं अजून एकमेकांना मान देतायत!

ती उठली, नर्सकडून ते गाठोडं घेतलं आणि आत गेली. जन्मभर लोकांना सुनवत आलेली बाई, सुनेपुढे वाकून हळूच बोलली.

"शेवंती, बघूचा आसा तुका?"

शेवंतीने हात पुढे केले. मुलीला छातीशी घेतलं, कापड सारलं, ओल्या केसांवरून बोट फिरवलं. मग सासूकडे बघून म्हणाली, "आता विचारलात!"

राधाबाई खाली जमिनीवर बसली आणि सुनेचे पाय धरून रडली. शेवंती रडली नाही. ती मुलीकडे बघत राहिली.

शेवंतीला पुढे मूल झालं की नाही, ते विचारू नका. झालं असतं तरी हे परत येणार होतं का? पण तारकर्लीत पुढे कुणीही राधाबाईला विचारायला आलं, की सुनेला दवाखान्यात नेऊ का, लेकीला ठेवू का, की ती एवढंच म्हणे, "माका कित्याक विचारतास? तिका विचारलास?"

तर बायांनो, आणि बापयांनो तुम्हीसुद्धा! व्याह्यांना मान द्या, जावयाला द्या, घरातल्या थोरांना द्या. पण जिच्या पोटात जीव आहे तिला आधी विचारा, आणि ती सांगेल ते ऐका. मागाहून विचारलेलं फक्त तिला ऐकू जातं. जो जीव वाट बघत होता त्याला नाही.