बर्फातलं मीठ

"ह्यात मीठ कुणी टाकलं?"

किशोरी सिस्टरने थर्माकोलच्या डब्यातून हात बाहेर काढला आणि बोटं एकमेकांवर चोळली. ओल्या बोटांना जाडं मीठ चिकटलं होतं.

"मी," धर्मा म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर तो धर्मा कसला. "निसता बरफ काय टिकतो, सिस्टर? मीठ टाकल्याबिगर गारवा धरत नाय. आमचा पापलेट असाच जातो मुंबयला."

हे सांगताना तो चांगला ताठ उभा होता. आता फक्त शाबासकी मिळायची बाकी आहे, असं त्याचं तोंड झालं होतं. सिस्टरने बर्फातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून लाल औषधाची बाटली काढली आणि उजेडात धरून आडवी केली. आतलं औषध हललं नाही. तिने बाटली उलटी केली, तरीही ते जागचं हललं नाही. सलाइन लावायला हात पुढे करून खाटेवर बसलेल्या कृष्णाबाईने हात हळूच मागे घेतला. धर्माच्या बायकोला बोलण्याआधी कळायचं, हा तिचा जुना गुण होता.

"हे गोठलंय," सिस्टर म्हणाली. "आता हे देता येणार नाही." आणि ती डॉक्टर मॅडमना बोलवायला गेली.

धर्माचा सगळा जन्म करंजा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेला होता. बाप मिठागरात राबला आणि मुलगा बर्फात, म्हणजे मिठाने काही त्यांच्या घराला सोडलं नाही. कारखान्यात गोड्या पाण्याने भरलेले लोखंडी डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. खारं पाणी स्वतः गोठत नाही, पण इतकं थंड होतं की डब्यातलं गोडं पाणी दगडासारखं घट्ट होतं. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, त्याची बोटं शिकली होती. लांबचा माल असला की होडीवाला नाखवा मुद्दाम धर्माला हाक मारायचा आणि पेटी त्याच्या हातून भरून घ्यायचा. फोडलेला बर्फ, मग माल, वर पुन्हा बर्फ आणि मुठीमुठीने मीठ. त्याने भरलेली पेटी बाजारात उघडली तर मासा आताच जाळ्यातून काढल्यासारखा निघे. आयुष्यात माणसाला एखादी गोष्ट अशी येते, की तिच्यावर तो उभा असतो. धर्मा ह्या पेटीवर उभा होता.

कृष्णाबाईच्या पोटातली गाठ काढली, पण आजार पुरता गेला नव्हता. आधी जे लाल औषध चालू होतं, त्याने तिचं हृदय थकायला लागलं. तेव्हा मॅडमनी नवं औषध सुचवलं. म्हणजे औषध तेच, पण चरबीच्या अगदी बारीक गोळ्यांत बंद केलेलं. गोळ्या इतक्या बारीक की केसाच्या टोकावर हजारो मावतील. त्या रक्तातून फिरतात, हृदयाला फारसा त्रास देत नाहीत आणि रोगाच्या जागी जाऊन उघडतात.

"म्हंजे मोदकावानी," कृष्णाबाई तेव्हा म्हणाली होती. "सारन आत, उकड भायेर."

मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "अगदी तसंच. मलाही इतकं सोपं सांगता आलं नसतं."

ह्या महागड्या मोदकांची सोय एका संस्थेने केली होती, आणि ते आणून द्यायचं काम हितेशकडे होतं. हितेश हा धर्माच्या मयत भावाचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो रांगत होता, त्यामुळे काका-काकीच्याच अंगाखांद्यावर वाढला. आता पनवेलच्या एका मोठ्या औषधवाल्याकडे कामाला होता आणि स्वतःची गाडी चालवत होता. औषध दुकानातून उचलायचं आणि थेट हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायचं, अगदीच घरच्यांकडे द्यावं लागलं तर कसं ठेवायचं ते नीट समजावून द्यायचं, असा नियम होता. पण रविवारी जासईला त्याच्या मित्राची हळद होती. आपल्याकडे लग्नाला न जाऊन एक वेळ चालतं, हळदीला न जाऊन चालत नाही. तो दुपारी डबा घेऊन धर्माच्या दारात आला आणि गाडीतून खालीही उतरला नाही.

"काका, यो डबा ठेव. सकाली तूच घेऊन जा काकीबरोबर. फ्रिजमंदी नको, तुमच्या लायटीचा काय भरोसा नाय. बरफ भर मस्त. जेवडा गार तेवडा चांगला."

"बरफाची काय कमी आमच्याकडं?" उंबऱ्यावर कोलंबी सोलत बसलेली कृष्णाबाई म्हणाली. "जा तू. जेवून जातंस का?"

"हलदीला जातो तर जेवू कशाला?" हितेश हसला आणि गाडी निघून गेली.

धर्मा कारखान्यात जाऊन चांगला स्वच्छ बर्फ निवडून घेऊन आला. बायकोचं औषध म्हटल्यावर त्याने बर्फ पापलेटासाठी फोडतात त्याहूनही बारीक फोडला. आणि जेवढा गार तेवढा चांगला म्हटल्यावर मीठ दोन मुठी जास्तच टाकलं. बाटलीवर इंग्रजीत काय लिहिलंय हे वाचायचा प्रश्न नव्हता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो जासईत नाचत होता.

मॅडम आल्या, बाटली पाहिली आणि खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर धर्माला बरं वाटलं असतं.

"काका, गोठलं की ते मोदक फुटतात. सारण बाहेर येतं. मग ते सरळ हृदयावर जाणार. गार ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"नाय," धर्मा म्हणाला. "हितेश बोल्ला, जेवडा गार तेवडा चांगला."

हितेशला फोन गेला. तो येईपर्यंत मॅडमनी परिस्थिती स्पष्ट सांगितली. चूक दुकानाच्या माणसाची असेल तर नवी बाटली दुकानाने द्यायची, मग मालक त्या माणसाला कामावर ठेवेल असं दिसत नाही. घरच्यांच्या हातून अजाणता झालं असेल तर त्या स्वतः संस्थेशी बोलतील. काहीही झालं तरी डोस लांबवता येणार नव्हता. धर्माला त्यातलं एकच कळलं, की हितेश येईल, घडलं ते सांगेल, आणि मग काहीतरी मार्ग निघेल. पोरगं चुकलं असेल, पण खोटं बोलायला त्याला ह्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

हितेश आला. डोळे जागरणाने तांबारले होते आणि कानामागे हळद राहिली होती. बाटली पाहिल्यावर त्याने आधी धर्माकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"मॅडम, मी काकांना क्लिअर सांगितलेलं. गोठू द्यायचं नाही म्हणून. दोनदा सांगितलं."

"हितेश," धर्मा म्हणाला.

"काका, टेन्शन नको घेऊ. तुझ्याकडून मिश्टेक झाली, होतं असं. पण मी सांगितलेलं ना?"

ज्याला धर्माने खांद्यावर बसवून बंदरावरच्या होड्या दाखवल्या, तो आता आपल्या खांद्यावर हात ठेवून खोटं बोलत होता, आणि वर आपल्यालाच धीर देत होता. धर्माने तो हात बाजूला केला.

"यो खोटं बोलतो. हिला इचारा. ही उंबऱ्यावरच व्हती."

मॅडमनी कृष्णाबाईकडे पाहिलं. हितेशनेही पाहिलं. धर्माने मात्र पाहिलं नाही, त्याला गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत ह्या बाईने त्याला घरात चार शब्द सुनावले असतील, पण बाहेर कधी खाली बघायला लावलं नव्हतं.

"मना काय आयकू नाय आलं," कृष्णाबाई म्हणाली. "मी आत व्हते. चुलीपाशी."

मॅडमनी बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. झालं ते झालं. मी संस्थेशी बोलते. पण काका, ह्यापुढे औषध तुमच्या घरी येणार नाही." त्यांच्या आवाजात अजूनही राग नव्हता, कीव होती. स्वतः चुकला तर चुकला, पण वर पुतण्यावर ढकलणारा म्हातारा, असं त्या आपल्याकडे पाहत आहेत, हे धर्माला कळलं.

घरी आल्यावर तिने भात टाकला, कालच्या कोलंबीचं कालवण गरम केलं आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने ताटाला हात लावला नाही.

"तू उंबऱ्यावर व्हतीस," तो म्हणाला.

"व्हते."

"आयकलंस."

"आयकलं. मग?" ती भिंतीला टेकून बसली. बोलताना तिला दम लागत होता. "चूक त्याची ठरली तर त्याची नोकरी जानार, नि दुकानवाला बाटलीपायी भांडत बसनार. तवर मी ऱ्हाते का? तुमची काय नोकरी जानार हाय मीठ टाकल्यानं? तुमाला कोन काय करनार हाय?"

तिचं म्हणणं खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तिने घाबरून खोटं सांगितलं असतं तर त्याने माफ केलं असतं. तिने हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात धर्मा सगळ्यांत स्वस्त निघाला होता.

"मना जगायचं हाय," ती म्हणाली. "जेवा आता."

तो जेवला. न जेवून काय करणार होता?

गोष्ट बंदरावर पोचायला वेळ लागला नाही. हितेशनेच कुठे तरी हसत सांगितली असणार. कारखान्यात पोरं विचारायला लागली, "धर्माकाका, काकीचं औषध सुकवलंव का खारवलंव?" एका नाखव्याने पेटी भरायला हाक मारली आणि मग म्हणाला, "मीठ आमी टाकतो, तू ऱ्हाऊ दे." धर्माच्या तोंडाशी खरं येई. पण खरं सांगितलं की ते पनवेलला पोचणार, हितेशची नोकरी जाणार आणि त्याच्याबरोबर बाटलीही. म्हणजे बायकोने त्याला जिथे बसवलं होतं, तिथून उठायचीही सोय नव्हती. तो मान खाली घालून बर्फ फोडत राहिला.

संस्थेने दुसरी बाटली दिली. ती हितेश थेट हॉस्पिटलात घेऊन आला. ह्या वेळी डब्यावर काचेआड आकडा दिसत होता, आत किती गार आहे ते दाखवणारा. पिशवीतून लाल पाणी कृष्णाबाईच्या हातात थेंब थेंब उतरायला लागलं, तशी किशोरी सिस्टर म्हणाली, "काका, आज मात्र बर्फ तुमच्याकडूनच हवाय. हे औषध तळहातातळपायांत झिरपतं, कातडी सोलून निघते. पिशवी संपेपर्यंत हातापायांना बर्फ लावून धरायचा."

धर्मा बर्फ घेऊनच आला होता. सिस्टरने आदल्या दिवशी फोन केला होता.

"मीठ नाय ना टाकलंस, काका?" हितेश दारातून म्हणाला आणि हसला. सिस्टरही हसली. कृष्णाबाई हसली, अगदी थोडी, ओठांच्या कडेने. धर्माने ते पाहिलं. हितेशचं खोटं त्याला गिळता आलं होतं, तिचंही. हे हसणं मात्र गिळता येईना.

हितेश गेला. धर्माने बर्फ पंच्यात गुंडाळला आणि खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून तिच्या तळव्यांना लावून धरला. एक पुडकं तिच्या हातात दिलं. बर्फ बारीक फोडलेला होता, कुठे टोचू नये इतका.

शेजारच्या खाटेवरची बाई बराच वेळ बघत होती. मग कृष्णाबाईकडे वळून तिने विचारलं, "मावशी, मागच्या टायमाला औषधात मीठ टाकलं ते हेच का?"

कृष्णाबाईने तोंड उघडलं. तिने धर्माकडे पाहिलं, वरच्या लाल पिशवीकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काय बोलणार होती, ते धर्माला ऐकायचं नव्हतं. खरं बोलली असती तरी, आणि नसती तरी.

"व्हय," तो म्हणाला. "मीच टाकलं."

"पाय बधिर झालं वो," कृष्णाबाई थोड्या वेळाने हळूच म्हणाली. "जरा सोडा."

"पिशवी संपायची हाय अजून," तो म्हणाला. "पाय हलवू नको."

पंच्यातून पाणी गळून त्याच्या पायाशी साचलं होतं. त्याने ते चपलेने खाटेखाली सारलं आणि बर्फ पुन्हा नीट धरला.