पाहिलेल्याची खुर्ची

आमच्या वाचनालयात दर महिन्याला गावच्या इतिहासावर व्याख्यान असतं. ते संपलं की आमचे सेक्रेटरी शिंपीदादा मंचावर एक रिकामी खुर्ची ठेवतात. ज्याने ती घटना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल, त्यानेच तिच्यावर बसायचं आणि सांगायचं. ऐकीव गप्पांना तिथे थारा नाही.

काडेपेटीच्या कारखान्याच्या आगीचा विषय निघाला की खुर्ची माझ्या सासऱ्यांची, हे ठरलेलंच. मागचं कुलूपबंद दार आपण पहारीने कसं फोडलं, बायका कशा बाहेर पळाल्या, मग नळावर तोंड धुऊन घरी आलो तर उशीर झाला म्हणून आई कशी ओरडली, हे मामंजी असं रंगवतात की टाळ्या पडतात. एरवी समोरचा मिठाचा डबा न सापडणारा माणूस!

आणि हे खोटं आहे, हे मला एकटीला ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात सासूबाई म्हणाल्या होत्या, "आगीच्या दिवशी हे तापाने फणफणले होते गं. अंथरुणातून उठले नाहीत. बोलू नकोस कुणाला." मी नवऱ्यालाही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या वेळी शिंपीदादा आनंदाने सांगत आले, "वहिनी, त्या कारखान्यात पेट्या भरणाऱ्या एक आजी सापडल्या! आग लागली तेव्हा आत होत्या." चारचौघांत म्हाताऱ्याची फजिती, तीही या वयात. लोक काय, आज टाळ्या वाजवतात, उद्या टिंगल करतील.

"मामंजी, आज गारठा आहे. घरीच थांबता का?" मी दुपारी विचारलं.

"गारठा? पंखा लावून बसलीयेस तू."

"त्या आजी येणारेत म्हणे."

"म्हणून तर जायचंय," ते म्हणाले आणि शर्टाला इस्त्री करायला बसले. त्यांची कवळी लपवावी, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

व्याख्यानातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढच्या रांगेत त्या आजी काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. खुर्ची मंचावर आली. मामंजी उठतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते जागचे हलले नाहीत. आजी चढल्या.

"दार एका पोराने फोडलं," त्या म्हणाल्या. "बाहेर पडला नाही तो. दोघी-तिघी आत राहिल्या होत्या, त्यांना आणायला मागे फिरला. मग छप्परच आलं खाली."

सगळ्या माना मामंजींकडे वळल्या. मागे कुणीतरी हसलं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

मामंजी उभे राहिले.

"माझा धाकटा भाऊ तो," ते म्हणाले. "मी घरी तापात पडलो होतो."

त्यांना एक भाऊ होता आणि तो तरुणपणीच गेला, यापलीकडे आमच्या घरात कुणाला काही माहीत नव्हतं.

"मग स्वतःचं नाव का लावलंत, काका?" शिंपीदादांनी हळूच विचारलं.

"त्याच्या नावाने सांगितलं की तो आतच राहतो. माझ्या नावाने सांगितलं की घरी येतो. आई ओरडते त्याला." ते आजींकडे वळले. "चुकलं माझं. पण बाई, मागे फिरताना तो काही बोलला का? एवढंच विचारायला आलोय."

आजी काठीवर रेलून पुढे झुकल्या.

"आम्ही त्याचा हात धरला होता. तर म्हणाला, सोडा, घरी दादा आजारी आहे, मला लवकर जायचंय. चला, भराभर बाहेर व्हा."

मी धावत जाऊन मामंजींना धरलं, खाली बसवलं. कुणी टाळी वाजवली नाही.

मामंजी म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."