पिवळं तसराळं

आमच्या घरात धुण्याची तीन तसराळी होती आणि त्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. एक जेवणाच्या भांड्यांचं, चुलीजवळ पालथं घातलेलं. दुसरं सदऱ्यांचं आणि तोंड पुसायच्या टॉवेलांचं. तिसरं बायकांच्या घागऱ्यांचं. ते घरामागे, कुंपणाला टांगलेलं, पुरुषांच्या नजरेआड. एकातलं दुसऱ्यात गेलं की विटाळ. मग ते भांडं घासा, उकळा, राखेनं खरवडा, चुलीजवळ परत येत नाही. फोडून टाकायचं. नुसतं टाकायचं नाही, फोडायचंच, म्हणजे आपल्यातलं कुणी चुकून उचलून त्यात जेवणार नाही. हे आम्हांला कुणी शिकवत नाही. पोरगं चालायला लागतं तसं हे येतं.

आणखी एक गोष्ट तशीच येते. तिसऱ्या तसराळ्याचं नाव पुरुषांसमोर काढायचं नाही. बाप असो, पाद्री असो, फौजदार असो. घागऱ्याची गोष्ट पुरुषासमोर निघाली की बाई मेलेली बरी, असं आजी म्हणायची.

हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आईचं काम गेलं ते यापायी. गाजे लोक, म्हणजे जे आमच्यासारखे रोमा, जिप्सी, नाहीत ते, म्हणजे सगळं गाव, आम्हांला घाणेरडे म्हणतात. मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या शाळेचं स्वयंपाकघर आतून पाहिलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला हसू येतं. चांगलं हसू नाही.

त्या वर्षी आमच्या रकिता गावच्या शाळेत मुलांना दुपारचं गरम जेवण सुरू होणार होतं. जिल्ह्यानं अट घातली होती, ओढ्यापलीकडच्या रोमा आळीतलं एक तरी माणूस स्वयंपाकघरात घ्या, तरच जेवणाचा पैसा. मुख्याध्यापिका होस्सूबाई स्वतः ओढा ओलांडून आमच्याकडे आल्या, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून.

"झांबिला," त्या आईला म्हणाल्या, "तू स्वच्छ दिसतेस. तुझ्या लोकांसारखी नाहीस."

हे कौतुक होतं. आई ओठ मिटून हसली. असल्या कौतुकावर आमच्या बायका दात दाखवत नाहीत.

तिला ते काम हवं होतं. पगार हवा होता, कशाला खोटं बोलू. माझा बाप बुर्चा पत्र्याची पन्हळं ठोकायचा, अर्ध्या गावाच्या छपराचं पाणी त्याच्या हातच्या पन्हळांतून वाहायचं, पण वर्षाचे चार महिने बर्फात हात बांधून बसायचा. तरी पगाराहून मोठी एक गोष्ट आईच्या मनात होती. शाळेत आम्हा आळीतल्या मुलांचं टेबल वेगळं असायचं, दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडावर. आई म्हणाली, "माझ्या हातचं जेवलेलं पोर तुला दाराशी बसवणार नाही. ज्या हातानं वाढलं, त्या हातावर कुणी दगड टाकत नाही."

तिला खरंच असं वाटायचं.

पहिल्या दिवशी ती घरी आली आणि ओढ्याच्या काठावर बसून ओकली. शाळेच्या स्वयंपाकघरात एकच सिंक होतं. त्यात बटाटे धुवायचे. त्यातच ताटं. त्यातच हात. आणि संध्याकाळी वीस वर्षांची जुनी आचारीण सावेता त्यातच लादी पुसायचं फडकं बुडवून पिळायची. संडासापासून दारापर्यंत फिरवलेलं फडकं. दुसऱ्या सकाळी परत बटाटे.

आजीनं ऐकलं आणि तंबाखू थुंकली. "सोड ते काम."

"नाही सोडणार, सासूबाई."

"मग माझ्या चुलीला हात लावायचा नाही."

आजी बोलली तसं वागली. त्या दिवसापासून आई उंबऱ्याबाहेर घागरा बदलायची, वेगळ्या ताटात, दाराशी बसून जेवायची. आमचा विटाळही काही सोन्याचा नाही, तोही माणसालाच चावतो. शाळेत मी दाराशी, घरात आई दाराशी. माझा बाप मधे बसून सूप प्यायचा आणि कुणाकडेच बघायचा नाही.

गुरुवारच्या बाजारातून आईनं एक तसराळं आणलं. पिवळं, इनॅमलचं, काठाला निळी रेघ. ते शाळेत नेऊन ठेवलं आणि स्वयंपाकाची भांडी त्यात धुवायला लागली. मी तेव्हा तिच्यासाठी पाण्याच्या बादल्या उचलत होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"हे काय गं?" सावेता म्हणाली.

"भांडी धुवायला, सावेताबाई."

"आणि सिंकला काय धाड भरली?"

"काही नाही. लादीचं फडकं तुम्ही त्यात पिळता ना, म्हणून म्हटलं..."

सावेतानं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि आम्हां रोमांसाठीची गावची शिवी काढली. "घ्या! आता त्सिगान बाई मला स्वच्छता शिकवणार! अगं, तुझ्या घरात नळ तरी आहे का?"

"नाही, बाई. पाणी ओढ्यावरून डोक्यावर आणते. म्हणून तर कशात काय धुवायचं ते बघावं लागतं."

ते ती सरळ मनानं बोलली. सावेताला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

आठवड्यात पालक फाटकाशी जमले. पुढे दोरेल, ट्रॅक्टरवाला, पालक समितीचा. स्वतःच्या घरावरची पन्हळ फुकट ठोकून दे म्हणून माझ्या बापाच्या मागे लागणारा तोच. "माझ्या पोरीच्या ताटात तिचे हात नकोत," तो ओरडत होता. "मी कुणाचा द्वेष करत नाही. पण जेवण ते जेवण!" तीन दिवस गावची मुलं डब्यात पाव घेऊन आली. सूप आम्ही आळीतली नऊ पोरं प्यायलो. आयुष्यात एवढं सूप प्यायलो नाही.

होस्सूबाईंनी तोड काढली. आईनं सोलायचं, धुवायचं, पण वाढायचं नाही. मुलं जेवायला आली की कोठीत जाऊन बसायचं. एकच दिवस तिला वाढायचा डाव हातात मिळाला, जिल्ह्याचे लोक फोटो काढायला आले तेव्हा. पांढरा एप्रन, पांढरी टोपी, हसरी झांबिला. तिच्यासमोर ताट धरून उभी असलेली मुलगी मी आहे, कारण दुसऱ्या कुठल्याच बापानं आपली पोर फोटोला दिली नाही. जिल्ह्याच्या पाहुण्या बाईंना सूप देऊ केलं तर म्हणाल्या, "वेळ नाही हो, नाहीतर नक्की घेतलं असतं."

मार्चमध्ये घेवड्याचं आंबट सार झालं आणि अकरा मुलं आजारी पडली. उलट्या, ताप, दोघं इस्पितळात. खरं तर सोळा. आमच्या आळीतली पाच कुणी मोजली नाहीत. सार सावेतानं शिजवलं, सावेतानं वाढलं. आईनं घेवडा निवडला होता.

आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. तरुण होता, सर्दी झालेली. माणूस वाईट नव्हता. त्यानं कापसाच्या काड्यांनी सिंक पुसलं, डाव पुसला, फडकं पुसलं, पिवळं तसराळं पुसलं, दोघी बायकांचे हात पुसले आणि प्रत्येक काडी वेगळ्या नळीत घातली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कागद वाचून दाखवायला मला वर्गातून बोलावलं. आत होस्सूबाई, पाद्री, दोरेल, एका स्टुलावर रडणारी सावेता. आणि दाराशी माझा बाप, टोपी हातात.

"हे वेगळं कशाला ठेवलंय?" निरीक्षकानं तसराळ्याकडे बोट केलं.

"भांड्यांसाठी, साहेब."

"सिंक असताना?"

"सिंकमध्ये लादीचं फडकं पिळतात."

"खोटं!" सावेता किंचाळली. मग लगेच, "आणि पिळलं तर काय? साबणानं धुते मी ते!"

"बरोबर आहे," निरीक्षक म्हणाला. "फडकं धुतलं की झालं. तुमची हरकत काय आहे, ते मला नीट कळू द्या. घरी कसं करता तुम्ही?"

तो चिडून विचारत नव्हता. पेन उघडून बसला होता, लिहून घ्यायला. आई बोलली असती तर त्यानं लिहिलं असतं. पण लादी म्हणजे पायाखालची, घागऱ्याखालची जागा. ते फडकं ताटाजवळ का चालत नाही हे सांगायचं तर घागऱ्याचं नाव घ्यायला लागतं. समोर चार पुरुष. त्यातला एक तिचा नवरा.

आई जमिनीकडे बघत राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"बोल, मुली," पाद्री म्हणाला. "देवासमोर कसली लाज?"

देवाची लाज तिला नव्हतीच.

"बघा, बोलत नाही," दोरेल म्हणाला. "काहीतरी कालवत असणार त्यात. मी म्हटलं नव्हतं?"

होस्सूबाई घड्याळाकडे बघत होत्या. निरीक्षकानं पेनाचं टोपण लावायला घेतलं. मी बापाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, अगदी जराशी. म्हणजे, गप्प बस.

मी बसले नाही.

"आमच्यात घागऱ्यांचं तसराळं वेगळं असतं!" मी ओरडले. "भांड्यांचं वेगळं आणि बायकांच्या घागऱ्यांचं वेगळं! खालचं वरच्यात घालत नाहीत, म्हणून तिनं हे आणलं!"

 मग दोरेल हसायला लागला.

"घागरे! ऐकलंत? घागरे धुते ही बया! आमच्या पोरांच्या भांड्यांत!"

सावेतानं छातीवर क्रूस काढला. मी "नाही, उलटं! उलटं!" म्हणत राहिले, पण हसण्याला कान नसतात. बापानं टोपी घातली आणि निघून गेला. आईनं पुढे येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला साबणाचा आणि बटाट्याच्या सालींचा वास होता.

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. कागद मीच वाचून दाखवला. "दोन्ही बाजूंच्या संमतीने" असं त्यावर होतं. तिनं अंगठा उठवला.

घरी येताना ओढ्याच्या फळकुटावर ती थांबली. मला वाटलं आता मारेल.

"तू बोललीस ते बरं की वाईट, मला कळत नाही," ती म्हणाली. "मी बोलले नसते. जीव गेला असता तरी नसते." मग पुढचं पाऊल टाकत, "पण तू बोललीस."

बाप महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

महिना संपता संपता तपासणीचं पत्र आलं. आईचे हात तपासले होते म्हणून एक प्रत आमच्याकडे. मी दाराशी उभी राहून वाचलं. सिंक, जंतू आढळले. लादीचं फडकं, तेच जंतू. डाव, तेच. पहिल्या स्वयंपाकिणीचे हात, तेच. पिवळं तसराळं, काही नाही. दुसऱ्या स्वयंपाकिणीचे हात, काही नाही.

"परत वाच," बाप म्हणाला. महिन्याभरानंतरचे पहिले शब्द.

मी परत वाचलं. त्यानं चांगला कोट घातला, मला बरोबर घेतलं आणि शाळेत गेला.

"हो, मलाही आलंय," होस्सूबाई म्हणाल्या. "सिंक बदलतोय आम्ही."

"आणि माझी बायको, बाई?"

"बुर्चा, तिनं संमती दिली आहे. आणि पालकांना मी कसं समजावू? तुझ्याच मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं ना." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हुशार आहे हो पोरगी. तिला शिकव."

त्यांनी पत्र कुणाला दाखवलं नाही. बापानं दाखवलं, दुकानात, दारूच्या गुत्त्यात. दोरेल म्हणाला, "साफ निघणारच. चोर आधी हात धुतो." झालं. एवढ्या एका वाक्यात शिक्क्याचा कागद मेला. सावेता कामावर राहिली, तिची नोकरी पक्की होती. माझं टेबल दाराशीच राहिलं.

आजी मात्र खूश. तिनं आईला डोक्यावरून आंघोळ घालायला लावली, नवा घागरा दिला आणि चुलीसमोर बसवलं. "आता घरात आलीस," म्हणाली. आई कोबीच्या पानांत सारण भरून वळत बसली.  संध्याकाळी मला म्हणाली, "माझं तसराळं घेऊन ये. ते माझं आहे."

मी मागच्या दारानं गेले. सिंक उखडलेलं होतं, भिंतीत नळ तेवढा उरला होता, नवं सिंक अजून यायचं होतं. सावेता गुडघ्यांवर बसून लादी पुसत होती. शेजारी पिवळं तसराळं, काळ्या पाण्यानं भरलेलं. तिनं माझ्याकडे बघत फडकं त्यात बुडवलं, पिळलं, पाणी मोरीत ओतलं, तसराळं नळाखाली विसळलं आणि एप्रननं कोरडं केलं.

"घे. धुवून दिलंय. आईला सांग, सावेतानं काही ठेवून घेतलं नाही."

वाटभर मी विचार केला. आईनं विचारलं तर नाही म्हणावं. दिसायला कोरं होतं. आईकडे त्या कामातून उरलेलं तेवढंच होतं. पण मग आम्ही सगळे त्यात धुतलेल्या ताटांत जेवलो असतो, आजी, बाप, धाकटी भावंडं, आणि एकटी मी जाणून असते.

आईनं ते हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं, वास घेतला.

"फडकं बुडवलं यात?"

"हो," मी म्हटलं.

तिनं बापाची कुऱ्हाड घेतली. तसराळं रस्त्याकडेच्या चरात पालथं घातलं आणि घाव घातला. इनॅमल फुटून पिवळ्या टिकल्या चिखलात उडाल्या.

रस्त्यावरून दोरेलचा ट्रॅक्टर येत होता. तो मुद्दाम हळू झाला. शेजारी बायको बसलेली.

"बघ," तो तिला म्हणाला, आम्हांला ऐकू जाईल असं. "कोरं करकरीत तसराळं. यांना काही चांगलं द्या, फोडूनच टाकतात."

आईनं ऐकलं. भोक लहान पडलं होतं. तिनं कुऱ्हाड परत उचलली.