तेविसावी ओळ

पेनाचं टोपण कुणीतरी चावलं होतं. आजचं नव्हे — जुने, बोथट झालेले दातांचे वण, एकावर एक, जणू दर वर्षी कुणी ना कुणी आपली धाकधूक याच टोपणावर काढून गेलं होतं — आणि ते पेन सुतळीला बांधून फळ्यावरून लोंबकळत होतं, हलत होतं, लॉकर रूममध्ये वाऱ्याची झुळूकही नसताना हलत होतं… म्हणजे आत्ता ते हातात घेऊन सोडलं ते आपणच. एमरीने घाईघाईने हात खिशात घातले.

वर ठसठशीत अक्षरांत ‘शनिवार’. खाली बावीस नावं. आणि बाविसाव्याच्या खाली अजून एक ओळ — आखलेली, रिकामी.

“चारला फुलवालीला आकडा कळवायचाय,” मागून मिस्टर पर्नेल म्हणाले. एकोणतीस वर्षं ते या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे बूट आणि हेल्मेटं सांभाळत होते, आणि आताही मांडीवर एक बूट घेऊन त्याचे खिळे आवळत होते. मान वर करायचीही तसदी त्यांनी घेतली नाही. “एका वर्षी एक फूल कमी पडलं. ती बाई अजून मला बाजारात बघून तोंड फिरवते.”

“मी नुसता बघत होतो.”

“बघ की. बघायला कुणाची ना आहे!”

शनिवारचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा. त्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत येतात, आईच्या छातीवर हे एवढं मोठं पिवळं शेवंतीचं फूल, मधोमध मुलाचा नंबर, आणि सत्तर हजार माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. एमरी ब्रूसार्ड तिसऱ्या वर्षाला होता. तिसऱ्या वर्षाच्या पोराने त्या यादीत नाव घातलं की पुढे तोंड उघडायची गरजच उरत नाही — तो पदवी अर्धवट टाकून व्यावसायिक संघात निघाला, हे संध्याकाळपर्यंत केशकर्तनालयातल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं. आणि नाव घातलं नाही आणि जानेवारीत गेलाच, तर मग आईला ते चालणं नाही. कधीच नाही. ते उधार मिळत नाही.

चार वाजेपर्यंत. आत्ता सव्वानऊ.

भूगर्भशास्त्राच्या वर्गाला तीन मजले चढून जायचं होतं. लिफ्ट होती, पण चोवीस नंबरवाला ब्रूसार्ड लिफ्टने जातो हे कुणी पाहिलं असतं तर… तो चढला. पहिला मजला, काही नाही. दुसरा मजला, काही नाही, बघ, उगाच घाबरतोस — आणि वळणावर, उजव्या गुडघ्याच्या आत, अगदी खोल, टक. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं, दुखण्याला नाव असतं, त्यावर बर्फ ठेवता येतो. हे नुसतं टक. तीन आठवड्यांपूर्वी सरावात एकाने खालून धडक मारली आणि तो हसत उठला होता, सगळ्यांसमोर हसत उठला होता, आणि ते हसू त्याने अजून उतरवलंच नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं की ते कागदावर येणार. कागद मोठ्या संघांची माणसं वाचणार. वाचला की त्यांच्या चेहऱ्यावर ती सभ्य माया येणार, मेलेल्या घोड्याकडे बघतात तशी.

म्हणून मग जावं. लगेच जावं, हे टक कुणाच्या कानावर पडायच्या आत. पळणाऱ्याच्या पायांना टकरा मोजूनच मिळालेल्या असतात, असं चर्चमधले डेस्मंडकाका म्हणतात, फुकट कशाला घालवतोस पोरा? पण मग हे चोरून जाणं झालं. आणि थांबलो, तर अजून एक पूर्ण वर्ष, दर शनिवारी तीस टकरा… आणि मी हे सगळं कुणाला विचारू? कोच म्हणतात, तुझं तू ठरव. आई तर काही म्हणतच नाही. पहिल्या वर्षी मी बसमध्ये चढताना एवढंच म्हणाली होती, “येताना तो पदवीचा कागद घेऊन ये हं. भिंतीवर जागा करून ठेवलीय.” आणि खरंच ठेवली होती. आजोबांचा फोटो तिने दीड वीत डावीकडे सरकवला होता.

बाई फळ्यावर नदीच्या गाळाचे थर काढत होत्या. एमरीने वहीत तेवीस ओळी आखल्या होत्या. का? कुणास ठाऊक.

जेवायला हॉलिस समोर येऊन बसला. खोलीतला जोडीदार, एकशे चाळीस किलोचा, तीन वर्षं एमरीच्या पुढे धावून वाट मोकळी करून देणारा. हॉलिस शेवटच्या वर्षाचा. यादीत सातवा. त्याला कुठलाही मोठा संघ बोलावणार नव्हता आणि हे त्याने कधीच, पावट्यांच्या आमटीत भात कालवावा तितक्या सहज, पचवून टाकलं होतं.

“काय रे, बायकोने घराबाहेर काढल्यासारखा चेहरा?”

“काही नाही.”

“यादीपुढे सकाळी पंधरा मिनिटं उभा होतास म्हणे. पर्नेल म्हणाले, पोरगं पेनाला नवस बोलतंय.”

एमरी हसला. तेच जुनं हसू.

“माझी आई येतेय, बाप येतोय, बापाची दुसरी बायको येतेय,” हॉलिस म्हणाला. “तिघांच्या मधून चालायचं मला. सत्तर हजारांचं सोड, ह्या तिघांचीच भीती वाटते.” मग चमचा खाली ठेवून, वेगळ्याच आवाजात, “तू जिन्याच्या वळणावर थांबतोस हल्ली.”

“कोण, मी?”

“नाही, माझी आजी.” त्याने पाव तोडला. “मी कुणाला काही बोललेलो नाही. तुझ्या पुढे पळतो मी, लेका. मागे कोण कसं येतंय हे मला न बघता कळतं.”

एमरी उठला. ताट अर्धं तसंच.

साडेतीनला फोन वाजला. सरावाचं मैदान मोकळं होतं, गवत कापून ठेवलेलं, आणि तो कडेकडेने चालत होता… आई.

“कुठे आहेस रे राजा?”

“मैदानावर. तू? शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटलीस?”

“कधीची. चर्चच्या मागे आहे. गवतावर.” तिचा श्वास लागलेला. लांबून उसाच्या कारखान्याची घरघर ऐकू येत होती. गाळप सुरू झालं होतं, म्हणजे तिथल्या हवेला आता काकवीचा वास असणार. “नवे बूट चालून बघतेय. चपटे घेतलेत. टाचेचे गवतात रुततात, मागे शेजारच्या थेल्माच्या बहिणीचं काय झालं ठाऊक आहे ना! सगळ्यांसमोर बूट मागे आणि बाई पुढे.”

“आई, मी अजून…”

“मी काही विचारलं का? मी काहीच विचारत नाहीये. ह्या शनिवारी म्हण, पुढच्या वर्षी म्हण, बूट सवयीचे झालेले बरे. पास्टर तुझ्या जागी उभे राहतात, पण ते फारच भरभर चालतात बाई. तू पण तसाच चालशील. तुला हळू चालताना मी जन्मात पाहिलं नाही.”

“चालतो की.”

“मग चाल. आत्ता. मी इकडे, तू तिकडे. एक… दोन… लहान पाऊल रे, लहान!”

तो चालला. फोन कानाला, मधल्या रेषेच्या दिशेने, तिच्या मोजण्यावर. किती कठीण होतं ते! पायांना सगळ्या आयुष्यात एकच शिकवलेलं, माणसं मागे टाकायची, आणि आता त्या पायांनी तीनशे मैलांवरच्या एका दमलेल्या बाईला मागे टाकायचं नव्हतं. अकरा… बारा… तिला धाप लागली की तो थांबायचा, ती मोजायला लागली की पाऊल उचलायचा. वीस… एकवीस… आणि बाविसाव्या पावलाला, टक.

“आई,” तो म्हणाला. “माझा गुडघा वाजतो.”

तिकडचं चालणं थांबलं. कारखान्याची घरघर तेवढी राहिली. एमरीला वाटलं, आता ती म्हणेल, डॉक्टरला सांगितलंस का. म्हणेल, मग जाऊ नकोस. म्हणेल, मग लगेच जा. आणि यातलं काहीही म्हणाली तरी सुटलो, त्यावर नाव लिहीन नाहीतर नाही लिहिणार…

“कुठला?” आईने विचारलं.

“उजवा.”

गवतावर तिचे बूट वळल्याचा आवाज आला.

“मग मी कुठल्या बाजूने चालू? तुला टेकायला हात लागला तर?”

चेहऱ्यावरचं ते हसू सैल होत गेलं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की तीन आठवडे गालांचे स्नायू दुखत होते. घड्याळात चारला दहा कमी होते. इमारतीच्या दारात मिस्टर पर्नेल यादी हातात घेऊन उभे, उन्हासाठी कपाळाशी हात आडवा धरून त्याच्याचकडे बघत… हाक मारत नव्हते, नुसते उभे.

“उजव्या,” तो शेवटी म्हणाला. “उजव्या बाजूने चाल, आई.”

“बरं. मग पुन्हा पहिल्यापासून,” ती म्हणाली. “एक…”