दाढ आणि ड्रम

दात काढण्याची डॉक्टरांची एक पद्धत होती आणि ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. आधी इंजेक्शन द्यायचं. गाल बधिर झाला की गाणं लावायचं. सुरुवातीच्या हळू गिटारवर दात हलवून सैल करायचा, गिटार वर चढायला लागली की पक्कड बसवायची, आणि ड्रम कोसळले रे कोसळले की ओढायचं. दात निघताना हाडातून जो करकर आवाज येतो त्यानेच माणूस अर्धमेला होतो, दुखण्याने नव्हे, असं त्यांचं ठाम मत. तो आवाज ड्रममध्ये बुडवला की काम झालं.

गाणं नेहमी तेच. डॉक्टर कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खोलीत मित्राच्या टेपवर त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं होतं. चार लांब केसांच्या पोरांनी जीव तोडून वाजवलेलं रॉक. त्या पोरांचे केस एव्हाना गेले असतील, गुडघेही बदलून झाले असतील, पण गाण्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं. दवाखान्यात मात्र सगळं पालटलं. टेप गेला, सीडी आली, तीही गेली आणि गाणं फोनमध्ये जाऊन बसलं. एक्स-रेची फिल्म जाऊन पडदा आला. पूर्वी लोक गाल धरून सरळ दारात उभे राहायचे, आता ते फोनवरून वेळ ठरवून गाल धरून उभे राहू लागले. एवढ्या उलथापालथीत ती गिटार तेवढी जिथल्या तिथे होती, आणि डॉक्टरांना तिचा मोठा आधार वाटायचा.

मग लेक शिकून आली. तीही दातांचीच डॉक्टर. आतल्या खोलीत तिच्यासाठी नवी खुर्ची बसवली, दारावर तिच्या नावाची पाटी लागली, आणि पाटीला धूळ बसायला लागली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. दवाखान्यातल्या जुन्या मदतनीस मावशी पेशंटला आत बोलवायच्या, "मॅडम मोकळ्या आहेत, चला." पेशंट बाकावर आणखी पक्का बसायचा. "मॅडम छानच आहेत हो, पण आम्ही थांबतो डॉक्टरांसाठी."

डॉक्टर यावर वरवर हळहळायचे. खरं म्हणजे संध्याकाळी त्यांचा अंगठा ठणकायचा, हात भरून यायचा, आणि सगळं लेकीवर सोपवून मोकळं व्हावं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण "आम्ही थांबतो" हे शब्द कानावर पडले की अंगठ्याचं दुखणं जरा कमी व्हायचं, हेही खरं. बायको हे ओळखून होती. "लोक सोडत नाहीत म्हणे," ती म्हणायची, "तुम्हीच खुर्चीला चिकटलाय, ते बघा आधी."

गोष्ट बिघडली ती मुख्याध्यापिका बाईंच्या निरोपाच्या कार्यक्रमात. बाई निवृत्त होत होत्या आणि शाळेच्या सभागृहात अख्खी ओळखीची मंडळी जमली होती. भाषणं झाली, खाणं सुरू झालं, आणि कोपऱ्यात कॉलेजच्या पोरापोरींचा एक बँड वाजवायला लागला. दोनतीन नव्या गाण्यांनंतर त्यांनी अचानक ती हळू गिटार छेडली. डॉक्टर खूश झाले. आपलं गाणं, आणि वाजवणारे आपल्या लेकीहूनही लहान. त्यांनी मान डोलवायला सुरुवात केली.

लेक मात्र लोकांकडे बघत होती. गिटार वर चढायला लागली तशा सभागृहातल्या गप्पा थंडावल्या. पोस्टमास्तरांनी घास खाली ठेवला. बसचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे स्टिअरिंगमामा म्हणत, त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि ड्रम कोसळले तेव्हा अर्ध्या सभागृहाचा हात गालावर गेला. सत्कारमूर्ती मुख्याध्यापिकांनी तर दोन्ही गाल धरले, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा डॉक्टरांनीच काढल्या होत्या. लेकीला हसू आवरेना, तिच्या हातातलं पाणी सांडलं.

घरी जाताना मात्र ती हसत नव्हती. "बाबा, तुम्हाला वाटतं तुम्ही आवाज लपवता," ती म्हणाली. "पण तुम्ही लोकांना वर्दी देता. एकदा दात काढलेल्या माणसाला कळतं, ड्रम आले की आपलं मरण आलं. मग तो आधीपासून जबडा आवळून बसतो. आवळलेल्या जबड्यातून दात काढायचा तर जोर लागणारच. तुमचा अंगठा कशाने दुखतो असं वाटतं तुम्हाला?"

एवढी वर्षं जे आपण औषध म्हणून पाजलं ते लोक विष म्हणून लक्षात ठेवत आले, हे डॉक्टरांना फार लागलं. आणि ते लेकीने दाखवून द्यावं हे त्याहून जास्त लागलं. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी रागाने गाणंच बंद केलं. "तुझ्या मनासारखं होऊ दे," ते म्हणाले. लेकीने मन शांत करणारं म्हणून वाहत्या पाण्याचं संगीत लावलं. झुळझुळ, टपटप, पुन्हा झुळझुळ. जरा वेळात बाकावरचे लोक एकामागून एक उठून मावशींना बाथरूम कुठे म्हणून विचारू लागले. आत खुर्चीवर बसलेल्यांची अवस्था तर विचारू नका. मावशींनी दोन दिवस मूग गिळले आणि तिसऱ्या दिवशी संगीताचं बटणच बंद करून टाकलं. मग दवाखाना इतका शांत झाला की आत ट्रेमध्ये हत्यार ठेवलेलं बाहेर ऐकू यायचं, आणि प्रत्येक खणखणाटाला बाकावरचा एकेक माणूस दाराकडे सरकायचा.

त्या आठवड्यात दातांना तारा बसवलेली एक कॉलेजची मुलगी आली. ती लेकीकडेच यायची, कारण तारा लेकीच्या हातच्या. तिने आल्या आल्या विचारलं, "मॅडम, ते गाणं का बंद केलं? माझं आवडतं आहे ते."

"तुला माहीत आहे ते गाणं?" बाहेरच्या खोलीतून डॉक्टरांनी मान आत घातली.

"काका, मला माहीत आहे म्हणजे काय? आमच्या ग्रुपचं गाणं आहे ते. आम्ही सगळे पेपरच्या आधी तेच ऐकतो." आणि मग तिने दयाळूपणे विचारलं, "तुम्हाला पण आवडतं का? थोडं मोठ्या आवाजाचं आहे, नाही का?"

डॉक्टर परत आपल्या जागी जाऊन बसले आणि मनातल्या मनात बराच वेळ हसले. कॉलेजच्या सुटीत घरी त्यांच्या वडिलांनी त्या गाण्याला गोंगाट म्हणत टेप बंद केला होता, आणि आज ही पोर ते आपल्या मालकीचं सांगत होती. गाण्याचं नाव काढूनही मुलीने गाल धरला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लेकीच्या आलं.

याच सुमारास डॉक्टरांची स्वतःची दाढ ठणकायला लागली. खालची, डावीकडची, बरेच दिवस कुरकुरणारी. जगाला सांगायचं दर सहा महिन्यांनी दात दाखवा, आणि स्वतः लवंग धरून बसायचं, असा सगळा कारभार. ते उजवीकडूनच चावू लागले. बायकोने दोन जेवणांतच चोर पकडला आणि सरळ लेकीला हाक मारली. लेकीने एक्स-रे काढला. पडद्यावर बघायला दोघांनाही फार वेळ लागला नाही. दाढ वाचण्यातली नव्हती.

"उद्या काढू," लेक म्हणाली.

"बघू," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मला तसंही माझ्या वर्गमित्राकडे जायचंच आहे. त्याचाही दवाखाना आहे. तिथेच काढून येईन म्हणतो, तेवढ्याच गप्पा होतील."

लेकीने पडदा बंद केला आणि आत निघून गेली. तिचं तोंड उतरलेलं डॉक्टरांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

रात्रीच्या जेवणाला बायकोने वाढता वाढता विषय काढला. "तुमच्या लेकीच्या हातावर तुमचाच भरवसा नाही. मग लोकांनी का ठेवावा?"

"भरवशाचा प्रश्न नाही गं."

"मग कशाचा आहे?"

डॉक्टर उजवीकडून चावत राहिले. प्रश्न भीतीचा होता, पण हे कोणत्या तोंडाने सांगणार? आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातले, आपल्या तोंडात मात्र कुणाला घालू दिला नव्हता. आणि बायको म्हणते ते खरं होतं. डॉक्टर दाढ काढायला परगावी गेले ही बातमी मावशींच्या तोंडून बाकावर, बाकावरून बसमध्ये आणि बसमधून सगळीकडे जायला एक दिवस पुरला असता. मग लेकीची पाटी काढून ठेवलेली बरी. तिने मग नाइलाजाने दुसऱ्या शहरात कुणाच्या हाताखाली नोकरी धरली असती. एका दाढेवर केवढं सगळं टेकलेलं आहे, हे त्यांना त्या घासाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आतल्या खोलीत गेले आणि लेकीच्या खुर्चीवर जाऊन बसले. बाहेर बाकावर स्टिअरिंगमामा होते. ते दाढ दुखते म्हणून डॉक्टरांसाठी थांबले होते. आत डॉक्टरच पेशंट होऊन बसलेत हे मावशींनी त्यांना सांगितलं आणि दार अर्धवट उघडंच ठेवलं.

"एक अट आहे," डॉक्टर म्हणाले. "गाणं लाव."

"बाबा, नक्की? ड्रमचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच. निदान कधी ते तरी कळेल."

लेकीने इंजेक्शन दिलं. तिचा हात हलका आहे हे त्यांना तिथेच कळलं, सुई कधी आत गेली याचा पत्ता लागला नाही. गाल जड झाला. तिने गाणं लावलं. ती हळू गिटार सुरू झाली आणि डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आता ती दाढ सैल करत असणार, बरोबर. दाब जाणवत होता, दुखत नव्हतं.

"तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं हे?" लेकीने विचारलं. तोंड उघडं असलेल्या माणसाला प्रश्न विचारायची खोड त्यांचीच, तिने ती बरोबर उचलली होती. डॉक्टर मनात उत्तर देत राहिले. वसतिगृहाची खोली, मित्राचा टेप, ओले टॉवेल वाळत घातलेली खिडकी, परीक्षेची भीती आणि त्या भीतीवरून धावत गेलेली ही गिटार. तेव्हा आपल्याला वाटलं होतं, हे ऐकणारा माणूस कशालाही घाबरणार नाही.

गिटार वर चढायला लागली. डॉक्टरांचे पाय ताठ झाले. हातांनी खुर्ची धरली. आणि पहिल्यांदाच त्यांना समजलं की त्यांच्या खुर्चीत बसलेल्या एकेका माणसाने काय सोसलं असेल. पोस्टमास्तर, मुख्याध्यापिका, मामा, सगळ्यांची त्यांनी मनातून माफी मागितली. गिटार आणखी वर गेली, आता आलेच, आता, आणि ड्रम कोसळले. डॉक्टरांनी होता नव्हता तेवढा जोर लावून जबडा आवळला.

दातांमध्ये मऊ कापूस होता.

त्यांनी डोळे उघडले. लेक हातमोजे काढत होती. शेजारच्या ट्रेमध्ये दाढ पडली होती, मुळांसकट, अखंड, कुठे तुकडा उडालेला नाही.

"कधी?" कापसातून त्यांनी विचारलं.

"तुम्ही वसतिगृहात होतात तेव्हा," लेक म्हणाली. "अगदी हळू गिटार होती. तोंड पण सैल होतं तुमचं. गाण्याचा काही दोष नाही, बाबा. त्यात दात काढायला चांगली जागा आहे, तुम्ही चुकीची निवडली होती, एवढंच."

डॉक्टर उठायला गेले आणि तसेच मागे टेकले. ड्रम अजून वाजत होते. इतकी वर्षं या ड्रमच्या वेळी त्यांचं लक्ष पक्कडीवर असायचं. त्यामागे गिटार एक वेगळंच काहीतरी वाजवते, मध्येच हसल्यासारखं, हे त्यांनी कॉलेजनंतर ऐकलंच नव्हतं. लेक हात पुसत उभी राहिली. तिचाही पाय तालावर हलत होता. डॉक्टरांना तिचा फार अभिमान वाटला, थोडा हेवाही वाटला, आणि खूप हलकं वाटलं.

ते बाहेर आले. स्टिअरिंगमामा उभे राहिले. "डॉक्टर, किती दुखलं? खरं सांगा."

डॉक्टरांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी नुसती मान हलवली, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मामांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून मावशींच्या हातात दिली आणि आत गेले.

डॉक्टर बाकावर, मामांच्या उबदार जागेवर बसले. आतून लेकीचा आवाज आला, "मामा, तुमची पहिली बस कोणत्या रस्त्याला होती हो?" आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पांढरा कोट खुंटीवर होता. मावशींनी तो आणून डॉक्टरांपुढे धरला, तर त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं आणि गाण्याकडे कान लावला.