कोकराची मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण खडूचा नाही, फलालिनीचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा. खोक्याची फळी आणि एका शिवणबाईंच्या कोटाचं अस्तर एवढंच माझं भांडवल. बाई आठवडाभर लोकांचे कपडे उसवायच्या, शिवायच्या आणि रविवारी चर्चमागच्या खोलीत मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. कापडी पाठीची चित्रं माझ्यावर तळहाताने दाबली की बसलीच.

बाईंची एक पद्धत होती. आधी जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातलं चित्र, मग त्याच्या शेजारी नव्या करारातलं, दुसऱ्या भागातलं. खांबावर टांगलेला पितळी साप, ज्याच्याकडे बघून साप चावलेली माणसं वाचली, शेजारी वधस्तंभ. तीन दिवस माशाच्या पोटात राहून जिवंत बाहेर आलेला योना; शेजारी तिसऱ्या दिवशी रिकामी सापडलेली कबर. "आधी सावली दिसते," बाई म्हणायच्या, "मग माणूस दारात येतो." मुलं माना डोलवायची. मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

वर्गात एक मुलगी होती. तिचं निम्मं बोलणं 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून ती पणूताई. एका रविवारी वल्हांडणाची गोष्ट होती: कोकरू कापायचं, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं, म्हणजे मृत्यू ते घर ओलांडून जाईल. बाईंनी घर लावलं, चौकट लावली आणि डब्यात हात घातला. कोकरू नव्हतं.

"मी घेतलंय," पणूताई उभी राहिली. हात फ्रॉकच्या खिशावर घट्ट. "तुम्ही कापणार त्याला."

"अगं, गोष्टीत कापतात."

"पण त्याला कुणी विचारलं का? मी नाही देणार. ओरडलात तर यायचीच नाही मी."

"बाई, मग बोकड लावा ना," मागून कुणीतरी म्हणालं. खोली हसली. पणूताई हसली नाही.

खिशातून हिसकावणं सोपं होतं. पण बाईंना पोरगी गमवायची नव्हती आणि गोष्टही सोडायची नव्हती. त्यांनी सुया टोचून राठ झालेलं बोट माझ्यावरच्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "कुठल्याच कोकराला कुणी विचारलं नाही. म्हणून तर दरवर्षी नवं लागायचं आणि माणसांना वाचवायचं काम काही पुरं व्हायचं नाही. मग एक जण आला. त्याला विचारलं होतं. मरणाच्या आदल्या रात्री तो बागेत गुडघे टेकून घामाघूम झाला, हे मरण नको म्हणून देवाला विनवलंसुद्धा त्याने. आणि शेवटी हो म्हणाला."

त्यांनी घराशेजारी वधस्तंभ लावला. कोकराची जागा तशीच ठेवली.

पणूताईने मोकळ्या जागेकडे बोट केलं. "पण मग आता कोकरू लागत नाही?"

"त्याच्यानंतर एकही नाही."

"मग हे परत देऊ?"

"कशाला? घरी ने. सुटलंय ते."

तिने कोकराचा चुरगळलेला कान सरळ केला आणि ते पुन्हा खिशात ठेवलं. पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी हजर.

नंतर खोलीत पांढरा पडदा आला, त्यावर चित्रं पळू लागली आणि मी कपाटामागे गेलो. पडद्यावर माझा राग नाही. कापड खाणाऱ्या कसरीवर मात्र आहे.

मित्रांनो, आवराआवरीत मी सापडलो तर माझी फडकी करू नका. मऊ ब्रशने झटका, थोडं ऊन दाखवा. बाईंनी ते घर नंतर माझ्यावर शिवूनच टाकलं, ते अजून आहे. चौकटीपाशी मोकळी जागा दिसेल. माझी कीव येऊन तिथे नवं कोकरू चिकटवू नका. ती जागा मोकळी राहावी म्हणून कुणीतरी हो म्हणालं होतं.